प्रकल्प नोंदी: जंगल राखणाऱ्या ग्रामसभा आणि त्यांचा धंदा (गडचिरोली, २०२५)

१८ जानेवारी २०२५

प्रोजेक्ट मंजूर झालाय, आजपासून नोंदी लिहायला घेतल्यात. विषय थोडक्यात असा की आदिवासी गावं ज्या पद्धतीने जंगल राखतात आणि त्याच जंगलाच्या मालावर जो छोटा-मोठा धंदा करतात, त्या दोन्हीचा एकमेकांशी काय संबंध आहे. मुख्य काम गडचिरोलीच्या उत्तरेकडे, कोरची आणि धानोरा तालुक्यात. तुलनेसाठी चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव आणि अमरावतीतलं पायविहीर.

गडचिरोलीच का, तर वनहक्क कायदा डिसेंबर २००६ मधे संसदेत पास झाला, १ जानेवारी २००८ पासून नियम लागू झाले आणि त्यानंतर सामूहिक वनहक्क, म्हणजे अख्ख्या गावाने मिळून जंगल राखायचा आणि वापरायचा हक्क, खऱ्या अर्थाने ज्या जिल्ह्यात उतरले तो हाच. मेंढा (लेखा) आणि शेजारचं मर्दा, या दोन गावांना २००९ मधे हक्क मिळाले, देशात पहिल्यांदा. आज जिल्ह्यात हजारावर गावांकडे सामूहिक वनहक्काचे कागद आहेत. एवढ्या मोठ्या प्रमाणावर गावं स्वतः जंगलाचा कारभार करताहेत आणि स्वतः माल विकताहेत असं दुसरीकडे फारसं बघायला मिळत नाही, म्हणून इथेच यायचं होतं.

प्रस्तावात दोन प्रश्नावल्या मंजूर आहेत, एक 'पर्यावरण' आणि एक 'उपजीविका'. दोन वेगळे अभ्यासक भरणार आणि दोन वेगळे पेपर निघणार. मला हे पहिल्यापासून पटलेलं नाहीये, मीटिंगमधे तसं बोललोही, पण फंडिंगच्या कागदात तसंच आहे त्यामुळे सध्या दोन्ही घेऊन फिरायचं.

२ फेब्रुवारी

कोरचीकडच्या गावात ग्रामसभेपुढे परवानगीसाठी उभा राहिलो. गावाचं नाव या नोंदींमधे येणार नाही, ही त्यांची पहिली अट. दुसरी अट, आग्या मोहोळाचे कडे कुठे आहेत आणि औषधी झाडं कुठे आहेत ते नकाशावर टाकायचं नाही. तिसरी, छापायच्या आधी सगळं सभेत मराठीत वाचून दाखवायचं आणि जिथे गोंडीत सांगावं लागेल तिथे गोंडीत सांगायचं. माझी सहकारी इथलीच आहे, गोंडी घरचीच, तिने दुसऱ्या भागाची जबाबदारी घेतली.

एक आजोबा म्हणाले, "लिहून नेता ते नेता, मंग वापस कोन आनते?" विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीने सतरा कलमांचा फॉर्म दिलाय, त्यात हा प्रश्न नाही. सभेच्या रजिस्टरवर तिन्ही अटी लिहून घेतल्या, मी सही केली, त्याचा फोटो प्रोजेक्टच्या फाइलला लावलाय. कायद्याने पाहिलं तरी हे बरोबरच आहे, जैवविविधता कायदा २००२ चा आहे आणि गावाच्या ज्ञानावर गावाचा हक्क त्यात मानलेला आहे, पण कायदा नसता तरी हे असंच असायला हवं.

११ फेब्रुवारी

आजची सभा महत्त्वाची होती, सविस्तर लिहितो.

विषय होता यंदाच्या तेंदूपत्त्याचा लिलाव आणि त्याच्या अटी. बाहेरच्याला वाटेल की लिलाव म्हणजे भाव किती एवढंच. भावावर चर्चा झाली पण शेवटी झाली, आधी बराच वेळ आगीवर बोलणं चाललं होतं.

तेंदूपत्ता म्हणजे टेंभुर्णीचं पान, बिडीला लागतं ते. टेंभुर्णीला चांगला पत्ता यावा म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर झुडपं छाटतात, खुटकटाई म्हणतात त्याला. छाटणीला मजूर लागतात, मजुरी लागते. त्यापेक्षा स्वस्त मार्ग म्हणजे खाली आग लावून द्यायची, जळलेल्या खुंटातून आणि मुळातून एकदम कोवळा, सारखा पत्ता फुटतो. ठेकेदाराला हेच हवं असतं, त्याला त्या जंगलाशी एका सीझनपुरतंच देणंघेणं आहे. पण त्याच आगीत मोहाची, चाराची (चारोळीचं झाड), आवळ्याची लहान रोपं जळतात, पाला जळतो, पहिल्या पावसात वरची माती वाहून जाते.

एका बाईंनी उभं राहून सांगितलं, "आग लावली का पत्ता त येते, पन चार जळते. मंग चारोळी काय ठेकेदार आनून देईल का आमाले?"

हे वाक्य मी दोन्ही प्रश्नावल्यांमधे कुठे बसतं ते शोधत होतो. 'पर्यावरण' मधे टाकलं तर ते वणवा प्रतिबंध होतं, 'उपजीविका' मधे टाकलं तर पर्यायी उत्पन्न. त्या बाई मात्र एकच हिशोब मांडत होत्या. मे महिन्यातल्या एका मालाचा नफा आणि त्याच जमिनीवरच्या दुसऱ्या मालाचा येत्या कित्येक वर्षांचा तोटा, दोन्ही एकाच वहीत.

शेवटी ज्या अटी ठरल्या त्या अशा की आग लावायची नाही, कुणी लावली असं दिसलं तर सौदा रद्द, फांद्या तोडायच्या नाहीत फक्त पानं, देवाच्या जागेभोवतीचा पट्टा सोडायचा, पैसे हप्त्याने आणि हप्ता थकला तर गोदामातला माल हलवू द्यायचा नाही. पहिल्या तीन अटी जंगलाच्या आणि बाकीच्या पैशाच्या, पण ठराव एकच, खाली सह्या आणि अंगठे एकाच ओळीत.

१३ फेब्रुवारी

गाइडना मेल पाठवला की प्रश्नावल्या एकत्र करू द्या. उत्तर यायचंय.

५ मार्च

वाचनाचे दिवस. थोडक्यात टिपून ठेवतो.

एलिनॉर ऑस्ट्रॉमना २००९ चं नोबेल मिळालं ते सामायिक साधनसंपत्ती लोक स्वतः नीट सांभाळू शकतात हे दाखवल्याबद्दल, आणि त्याच वर्षी मेंढ्याला वनहक्क मिळाले. योगायोगच आहे पण लक्षात राहतो. त्यांनी दिलेली तत्त्वं, म्हणजे हद्द स्पष्ट असणं, नियम वापरणाऱ्यांनीच करणं, देखरेख त्यांनीच करणं, चुकणाऱ्याला पायरीपायरीने दंड, ही सगळी मला फेब्रुवारीच्या त्या सभेत समोर दिसली.

उद्योजकतेवरचं जे साहित्य आहे त्यात मात्र अडचण येते. आदिवासी उद्योजकता या नावाखाली जे लिहिलं गेलंय ते बरंचसं कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधलं, तिथल्या माओरी वगैरे समाजांवरचं. त्यातलं काही फार चांगलं आहे. पेरेदो आणि क्रिसमन या दोघांनी २००६ मधे समुदाय-आधारित उद्योग अशी मांडणी केली होती, तिचा पाया लॅटिन अमेरिकेतला, त्यात अख्खा समाजच उद्योजक आणि समाजच उद्योग असतो. ती इथे सगळ्यात जवळची वाटते. पण आपल्याकडे योजना आखताना हे कुणी वाचलेलं दिसत नाही, आपल्याकडे बचतगट, क्लस्टर, उद्योजक प्रशिक्षण, म्हणजे शेवटी सुट्या सुट्या माणसांची बेरीजच. वनधन योजना २०१८ मधे आली, वीसेक जणांचे पंधरा गट मिळून एक केंद्र असा तिचा साचा. हेतू चांगला आहे, मशीन येतं, पॅकिंग येतं, पण कुठल्या झाडाला यंदा हात लावायचा नाही हे त्या केंद्रात ठरू शकत नाही, कारण जंगल केंद्राकडे नसतं, ग्रामसभेकडे असतं. ज्या सभेत माल किती काढायचा ते ठरतं तिथेच तो कसा विकायचा ते ठरलं तरच दोन्हीला अर्थ आहे.

२९ मार्च

मोहाचा सीझन. पहाटे निघालो, अजून उजाडायचं होतं. फुलं रात्री उशिरा गळायला लागतात आणि ऊन चढेपर्यंत पडत राहतात.

झाडाखाली काय असतं ते नीट बघितलं आज. मोहाचं फूल पडतं ते मांसल, फिकट पिवळसर, बोटात धरलं तर चिकट रस लागतो. सुक्या पाल्यावर पडलं तर सापडत नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ करतात आणि जंगलात वणव्याचं एक मोठं कारण तेच आहे. या गावाने तीन वर्षांपूर्वी ठरवलं की जाळायचं नाही, खराट्याने झाडायचं. ज्यांच्या वाट्याला झाडं जास्त त्यांनी आधी कुरकुर केली, कारण झाडायला दोन सकाळी जातात आणि जाळायला एक काडी. मग असं ठरलं की ज्या घरात झाडायला माणूस नाही तिथे शेजारच्या घराने हात लावायचा. एका झाडाखाली आम्हीही झाडलं, पाला गोल रिंगणात बाहेर लोटला, तो तिथेच कुजू देतात.

फुलं वाळली की वजन निम्म्याच्या बरंच खाली येतं. मग प्रश्न साठवणुकीचा. एप्रिलमधे सगळ्यांकडे मोह असतो म्हणून भाव पडलेला, पावसाळ्यात तोच मोह चढ्या भावाने मिळतो, आणि विकणारं घरच ऑगस्टमधे दुकानातून परत मोह विकत आणतं असं इथे अनेकांनी सांगितलं. फरक पडतो तो फक्त कोण चार महिने थांबू शकतं याने. ग्रामसभेने यंदा समाजमंदिरात मोह ठेवायचं ठरवलंय, ज्याला लगेच पैसे लागतात त्याला सभेच्या खात्यातून उचल द्यायची आणि पावसाळ्यात एकत्र विकायचं. खातं आलं कुठून, तर मागच्या तेंदूच्या पैशातून राखून ठेवलेला हिस्सा. म्हणजे तेंदूतली आगीची अट पाळून जो पैसा आला तोच आता मोहाला थांबायची ताकद देतोय! मला हे फार मोठं वाटतं, पेपरचा कणा हाच असेल.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, त्यामुळे मोहाचं नाव काढलं की सरकारी माणसाच्या डोक्यात पहिली दारू येते. लाडू, मनुक्यासारखा सुकवलेला मोह, जनावरांचा खुराक, मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं तेल, हे सगळं घराघरात आहे. २०२१ मधे राज्याने मोहफुलाच्या वाहतुकीवरचे निर्बंध काढले, त्याआधी स्वतःच्या झाडाखालचं फूल बाजारात नेतानाही धाकधूक असायची.

१६ एप्रिल

गाइडचं उत्तर आलं. प्रश्नावल्या दोनच राहतील, पण तिसरी एक नोंदवही ठेवायला परवानगी, सभेतल्या ठरावांची. तेवढं पुरे. यापुढे एकेक ठराव हेच माझं एकक, त्यात जंगल आणि पैसा दोन्ही जसे येतील तसे उतरवायचे.

१२ मे

तेंदू सुरू. पहाटे जंगलात, दुपारी घरी पुडे बांधणं, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पुडे जमा करायच्या मोकळ्या जागेवर.

एका पुड्यात ७० पानं. अशा हजार पुड्यांची एक स्टँडर्ड बॅग, भाव त्या बॅगेवर ठरतो. घरातले सगळे गोल बसतात, पानं हाताच्या पंज्यावर एकावर एक, निम्मी या बाजूने निम्मी त्या बाजूने, पोटं आतल्या बाजूला आणि सालीच्या दोरीने गाठ. मोजत कुणी दिसत नाही, पण मी सहज दहा-बारा पुडे सोडून मोजले, एखाद-दुसऱ्या पानाचा फरक. सत्तरीच्या पुढच्या एक आजी सगळ्यात जलद, त्यांच्या हाताकडे बघत राहावं असं.

फळीवर पुडे शंभर-शंभरच्या रांगांनी उन्हात मांडतात, नंतर उलटतात. पूर्वी ठेकेदाराचा मुन्शी मोजायचा आणि शेकड्यामागे काही पुडे 'खराब' म्हणून बाजूला काढायचा, त्याचे पैसे नाहीत पण ते पुडे परतही नाहीत. आता मोजणी ग्रामसभेचे दोन पोरं करतात, त्यातली एक बारावी झालेली मुलगी आहे, वही तिच्याकडे. मुन्शी शेजारी उभा राहतो आणि बघतो. खराब निघाला तर पुडा घरी परत जातो, पुन्हा बांधून येतो. एवढा एक बदल झाला तर बायकांच्या हातात किती जास्त पैसा पडला हे त्यांच्याच तोंडून ऐकायला हवं, त्या भरभरून बोलतात.

आग कुठे लागलेली नाही. गावाच्या हद्दीवरून चालत गेलं तर पलीकडच्या बाजूला काळी जमीन दिसते आणि अलीकडे पाला. फोटो काढून तारीख टाकून ठेवलेत.

२० जून

पहिला चांगला पाऊस झाला. आता बांबूच्या बेटांमधून वास्ते निघायला लागतील, कोवळे कोंब. भाजी छान होते, पण ग्रामसभेचा नियम की एका बेटातले सगळे वास्ते काढायचे नाहीत आणि विकण्यासाठी तर नाहीच, घरच्या भाजीपुरतेच. कारण आज काढलेला वास्ता म्हणजे तीन वर्षांनी तोडायचा बांबू.

या निमित्ताने मेंढ्याच्या जुन्या कागदांचं वाचन पूर्ण केलं. ऐंशीच्या दशकात धरणांविरुद्धच्या 'जंगल बचाव मानव बचाव' आंदोलनापासून या गावाची गोष्ट सुरू होते, गावातले नेते देवाजी तोफा, कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल, गावातले अभ्यासगट, सर्वसहमतीने निर्णय, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' हे सगळं मराठी वाचकाला माहीत असतं. माझ्या कामाला लागणारा भाग पुढचा आहे. हक्क २००९ मधे मिळाला तरी बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवाना वनखात्याकडेच आणि खात्याचं म्हणणं बांबू हे लाकूड. वनहक्क कायद्यात तर गौण वनोपजाच्या, म्हणजे लाकूड सोडून जंगलात मिळणाऱ्या मालाच्या व्याख्येतच बांबू आहे. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं.

एक पुस्तक! पण धंदा तिथून सुरू झाला. राखण तर गाव त्याच्या कितीतरी आधीपासून करत होतं, ज्ञान होतं, माल होता, गिऱ्हाईकही होतं. प्रशिक्षणाची कमी नव्हती, परवान्याची होती. २०१२ च्या सुधारित नियमांमधे पुढे हा परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला.

मेंढ्यातला मधाचा प्रयोगही नोंदवायचा आहे. आग्या मोहोळाचं पोळं पूर्वी जाळून काढायचे, माशा मरायच्या. नंतर रात्री जाळीचा पोशाख घालून पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायची पद्धत आणली, अंड्या-पिल्लांचा भाग तसाच राहतो आणि माशा पोळं परत भरतात. मध जास्त स्वच्छ मिळतो त्यामुळे भावही बरा. इथे सुद्धा तेच, माशी वाचवायची आणि चांगला मध विकायचा हे एकाच कापण्यात होतं.

१५ जुलै

पाचगाव, तालुका गोंडपिपरी. पाऊस खूप, वाट चिखलाची.

या गावाला २०१२ च्या जूनमधे १००६ हेक्टरवर हक्क मिळाला. उत्पन्नाचा मोठा भाग बांबू, आणि तेंदू पूर्ण बंद. गावाने स्वतः बंद केला, छाटणी आणि आगीमुळे जंगलाचं होणारं नुकसान बघून. त्या टेंभुर्णीला मग फळं राहतात, ती खायला मिळतात, पोरं आणि पाखरं दोघंही खातात. शिवाय सुमारे ३४ हेक्टरचा चांगला तुकडा गावाने तसाच राखून ठेवलाय, तिथून काहीच काढायचं नाही.

आमच्या 'उपजीविका' प्रश्नावलीत तेंदूचं उत्पन्न शून्य आलं की तिथला सॉफ्टवेअर त्या गावाला कमी गुण देतो. मी इथे ठामपणे लिहून ठेवतो की हे चुकीचं आहे. तेंदूचा नगदी पैसा मे महिन्यात, पेरणीच्या तोंडावर येतो आणि त्याला नाही म्हणायला गावाकडे दुसरा आधार लागतो, तो आधार बांबूने दिला. नाही म्हणता येणं ही आर्थिक कुवत आहे आणि ती मोजायला हवी. ज्या गावाकडे बांबू नाही त्याने तेंदू बंद करावा असं मात्र कुणी म्हणू नये. कोरचीकडच्या गावाने आगीशिवाय तेंदू चालू ठेवला, पाचगावने बंदच केला, दोन्ही निर्णय आपापल्या जंगलाकडे बघून घेतलेले आहेत.

बांबू तोडायची रीत बघायला पुन्हा हिवाळ्यात यावं लागेल. पावसाळ्यात तोड बंद असते, आणि इतर वेळीही यंदाचा कोवळा बांबू तोडत नाहीत, बेटाच्या आतला जुना काढतात म्हणजे बेट दाटत नाही. इथला मानवेल जातीचा बांबू तीस-चाळीस वर्षांनी फुलतो आणि फुलला की मरतो. कुणीतरी विचारलं की मग तेव्हा धंद्याचं काय, तर बोलण्यात आलं की म्हणून तर आवळा, बेहडा, हिरडा सांभाळून ठेवतोय.

९ ऑगस्ट

जागतिक आदिवासी दिन, कोरचीत कार्यक्रम, आम्हीही गेलो. संध्याकाळी महाग्रामसभेच्या काही लोकांशी बसून बोलणं झालं. तालुक्यातल्या नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी मिळून ही महाग्रामसभा उभी केली, खाणींच्या विरोधातही तीच उभी राहते आणि तेंदूच्या लिलावातही. एकट्या गावाला व्यापारी दाबू शकतो, एवढ्या गावांना नाही. बायकांचं प्रतिनिधित्व तिथे ठरवून आहे.

बोलण्यात २०१७ आलंच. त्या वर्षी तेंदूचे भाव एकदम भडकले, ठेकेदारांनी चढ्या बोली लावल्या आणि नंतर कित्येकांनी पैसे दिलेच नाहीत. पत्ता गेला, बिडीच्या गोदामात पोचला, आणि ग्रामसभा कागद घेऊन चकरा मारत राहिल्या. त्यात जुलैमधे जीएसटी आला, तेंदूपानावर १८ टक्के. बऱ्याच गावांचा या स्वतंत्र विक्रीतला तो अगदी सुरुवातीचाच काळ. फेब्रुवारीच्या सभेत जी गोदामाची अट ऐकली होती ती इथून आली, हे आज कळलं.

मला राग येतो तो याचा की असं काही झालं की लगेच म्हणतात, बघा, आदिवासींना धंदा जमत नाही. बोली लावून पैसे बुडवले व्यापाऱ्याने आणि नापास कोण, तर ग्रामसभा? नुसत्या तोंडी शब्दावर माल सोडायचा नाही हे त्यांनी एका सीझनमधे शिकून करारात आणलं, इतक्या लवकर शिकणारी सहकारी संस्था मी तरी आमच्या भागात बघितलेली नाही.

२८ ऑगस्ट

समाजमंदिरातला मोह विकला गेला. भाव एप्रिलपेक्षा बराच वर. थोडा माल ओल धरून खराब झाला, पुढच्या वर्षी खाली लाकडी फळ्या टाकायचं ठरलं. उचल वजा करून वाटप झालं, वही सभेत मोठ्याने वाचली.

२३ सप्टेंबर

कालपासून तेंदूपानावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय. सकाळपासून फोन. कर खरेदीदार भरत असला तरी बोली लावताना तो ते धरूनच बोलतो, त्यामुळे पुढच्या लिलावात गावांनी हा फरक मागून घ्यायला पाहिजे. सहकारीने एका पानाची सोपी टिपण तयार केली, गोंडीतही रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवली. संशोधनाच्या वेळापत्रकात हे काम नाही, पण "वापस कोन आनते" याचं उत्तर अशानेच द्यावं लागणार.

१४ ऑक्टोबर

पायविहीर, तालुका अचलपूर. इथे कोरकू समाज आहे आणि गोष्ट वेगळी आहे, कारण हातात आलेलं जंगल जवळजवळ उजाड होतं. २०१२ मधे सुमारे १९३ हेक्टर मिळालं. गावाने चराई, तोड आणि आग बंद केली, रोजगार हमीतून चर खोदले, झाडं लावली. 'खोज' संस्थेची साथ होती. सीताफळ आधीपासूनच होतं ते राखणीने फोफावलं, आणि 'नॅचरल्स मेळघाट' या नावाने मुंबईच्या बाजारापर्यंत गेलं. २०१४ चा भारत जैवविविधता पुरस्कार गावाला मिळाला.

सीताफळाचा धंदा किती नाजूक असतो ते प्रतवारी बघताना कळतं. डोळे उघडलेलं, म्हणजे खवल्यांमधली फट पांढुरकी-पिवळी झालेलं फळ तोडायचं. त्याआधी तोडलं तर पिकत नाही, काळं पडतं, आणि उशीर केला तर ट्रकमधेच फुटतं. दोन-तीन दिवसांचा खेळ. बायका फळ हातात घेऊन फक्त फिरवतात आणि बरोबर ढिगात टाकतात, मोठं मुंबईला, मधलं परतवाडा-अमरावतीला, बारीक घरी. गावाचा नियम असा की ठरलेल्या दिवसाआधी कुणीच तोडायचं नाही. कच्चं फळ बाजारात गेलं तर नाव खराब होतं आणि फांद्या ओरबाडल्या जातात, एका नियमाने दोन्ही थांबतं. फेब्रुवारीपासून जे बघतोय ते इथे चारशे किलोमीटर लांब, वेगळ्या समाजात, वेगळ्या झाडावर तसंच्या तसं.

८ नोव्हेंबर

पहिला मसुदा झाला. ठरावांची नोंदवही हाच त्याचा पाया, प्रश्नावल्यांचे आकडे परिशिष्टात. मांडणी अशी की या गावांमधे जंगलातून किती काढायचं आणि माल कसा विकायचा हे एकाच जागी, एकाच लोकांकडून ठरतं आणि ते तसं आहे तोपर्यंतच दोन्ही टिकतं. ज्या योजना धंदा उचलून केंद्राकडे आणि राखण उचलून वनखात्याच्या समितीकडे देतात त्या हे नातं तोडतात.

गाइडनी समासात लिहिलं की हे फार ठाम आहे. मी ठामच ठेवलंय. मात्र भांडवलावरचा भाग वाढवला. बँका ग्रामसभेला कर्ज देत नाहीत, कारण तारण काय लावणार, सामूहिक वनहक्काची जमीन ना विकता येते ना गहाण टाकता येते आणि तसंच असायला हवं. मग मे महिन्यात मजुरी वाटायला रोख आणायची कुठून? ठेकेदाराकडून ॲडव्हान्स घेतला की अटी त्याच्या. मोहाच्या उचलीसारखा गावाचा स्वतःचा फिरता निधी ही त्यातून सुटायची एकच वाट मला दिसली, आणि सरकारला मदत करायची असेल तर मशीनच्या आधी त्या निधीत भर घालावी असं शिफारशीत स्पष्ट लिहिलंय.

३० नोव्हेंबर

कोरचीकडच्या गावात मसुद्याचं वाचन. सकाळी सुरू झालं, जेवणानंतरही चालू. मी मराठीत, सहकारी गोंडीत.

तीन बदल सांगितले. देवाच्या जागेभोवतीच्या पट्ट्याचं वर्णन काढायला लावलं, काढलं. मोहाच्या साठवणीत कुणी किती उचल घेतली याचा तक्ता घरवार होता, तो एकत्र आकड्यात करायला सांगितला, कारण घराची अडचण बाहेर वाचायला जाऊ नये. तिसरा बदल त्या वहीवाल्या मुलीने सांगितला. तिला मसुद्यात ठेकेदारवार तक्ता हवा होता, कुणी हप्ते वेळेवर दिले आणि कुणी नाही, मागच्या सगळ्या वर्षांचा. छापील पेपरमधे तो घालता येत नाही, पण ग्रामसभेच्या स्वतःच्या वापरासाठी करून द्यायचं ठरलं आणि महाग्रामसभेतल्या इतर गावांच्या वह्याही त्याला जोडायच्या.

फेब्रुवारीत पुढचा लिलाव आहे. त्याआधी तक्ता पूर्ण करून हातात द्यायचाय, म्हणून डिसेंबरचं सगळं वेळापत्रक बदललंय, पेपर जानेवारीत पाठवू. उद्यापासून वह्या गोळा करायला सुरुवात, पहिली तिचीच, २०१९ पासूनच्या पावत्या पिशवीत घालून तयार ठेवल्यात म्हणाली.